जाणता हात

"काय आहे आत?" क्लेबरने विचारलं.

नार्सिसाने फिरत्या चकतीवरच्या काळ्या सुटकेसवर उजवा तळहात टेकवला. आधी वरून खाली, मग आडवा. बॅगेचा मालक पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाशी तरी भांडत होता.

"बूट. शर्टं. एक बाटली आहे, टॉवेलात गुंडाळलेली."

"लॅपटॉप?"

"नाही."

"बघा!" क्लेबर शेजारच्या कॉफीवाल्याला म्हणाला. "आमच्या वहिनीचा हात आहे हा. विमानतळाच्या एवढ्या मोठ्या यंत्राला जे दिसत नाही ते हिच्या तळव्याला कळतं."

कॉफीवाला हसला, पण नुसत्या ओठांनी. क्लेबरसमोर सगळे असेच हसत.

नार्सिसाने बटण दाबलं. चकती फिरू लागली आणि पारदर्शक प्लास्टिक चर्रचर्र करत सुटकेसभोवती बसत गेलं. बंदराच्या या शहरात विमानाने जाणारा माणूस बॅग अशी गुंडाळून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा प्लास्टिक चढलं की चोराचा हात आत जात नाही, अशी सगळ्यांची समजूत. चार वर्षं नार्सिसाचीही तीच समजूत होती. मग फ्रेदी, तिचा नवरा, तुरुंगातल्या दंगलीत मेला. खांद्यावरच्या गोंदणावरून त्याला ओळखावं लागलं. त्यानंतर महिन्याभरात हा धाकटा दीर काउंटरवर आला आणि त्याने नारिंगी चिकटपट्टीचं रीळ तिच्यासमोर ठेवलं. बॅगेत लॅपटॉप लागला की कडीला नारिंगी पट्टी. बस्स, एवढंच. आत सामानाच्या दालनात टोळीचा माणूस पट्टी बघून प्लास्टिक कापायचा, लॅपटॉप काढायचा आणि आपल्याजवळच्या रिळाने बॅग पुन्हा गुंडाळून टाकायचा.

नार्सिसा स्वतःला समजवायची, यात मरत तर कुणी नाही ना.

एप्रिलमध्ये तिने एका हिशेबनिसाच्या बॅगेला पट्टी लावली. त्याच्या लॅपटॉपमध्ये चाळीस दुकानांची माहिती होती. मालक कोण, घर कुठे, मुलं कुठल्या शाळेत. मे महिन्यात त्या चाळीस जणांना खंडणीचे फोन सुरू झाले. त्यात नार्सिसाच्या गल्लीतले औषधवाले सेगुंदोकाकाही होते. दामारिसला ताप आला की बंद दुकानाचं शटर अर्धं वर करून औषध देणारे. त्यांनी फोनवर नाही म्हटलं. सकाळी अकरा वाजता मोटरसायकलवरून दोघं आले. पाच गोळ्या. त्यातली एक काकांच्या मानेतून आरपार जाऊन मागच्या कपाटातल्या बाटल्यांना लागली. खोकल्याचं लाल औषध आणि काकांचं रक्त एकत्र होऊन उंबऱ्यापर्यंत आलं. दामारिसचा हात धरून नार्सिसा बरोबर समोर उभी होती. तिने उजव्या हाताने पोरीचे डोळे झाकले आणि त्या तळव्याखाली पोरीच्या पापण्या पाखरासारख्या फडफडत राहिल्या.

"तुझ्याच बॅगेतून निघाली ती यादी," क्लेबर नंतर सांगत होता, शाबासकी द्यावी तसा. "लॅपटॉपला काय, शंभर डॉलर. खरा माल आतला असतो, वहिनी."

तेव्हापासून नार्सिसाला झोप अशी नव्हती. मोटरसायकलचा आवाज आला की ती पोरीला खिडकीपासून ओढून घ्यायची.

आता क्लेबर काउंटरवर रेलला. "आज एक खास आहे. कडेवर पोर असलेली बाई. कीतोच्या विमानाने जाणार. त्या लपूनछपून राहणाऱ्या बायकांची संस्था आहे ना, तिथली कारकून."

"तिचं काय?"

"टोळीच्या थोरल्यांची बायको पळाली ना पोराला घेऊन, लिस्बेत. तिला यांनीच कुठेतरी लपवलीय. सगळ्या बायकांचे पत्ते त्या लॅपटॉपात आहेत. आज तो राजधानीला चाललाय, मंत्रालयात."

"आणि लिस्बेत सापडली तर?"

क्लेबरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिला विचारल्याची लाज वाटली. मग त्याने फोन काढून तिच्यासमोर धरला. बालवाडीच्या फाटकाशी दामारिस उभी होती, पिवळ्या टोपीत. फोटो आज सकाळचा होता, कारण ती टोपी कालच घेतली होती.

"गोड दिसते. अगदी फ्रेदीवर गेलीय," तो म्हणाला आणि कॉफी घेऊन समोरच्या बाकावर जाऊन बसला. तिथून त्याला तिचे दोन्ही हात दिसत होते.

नार्सिसाने प्लास्टिकचं नवं रीळ काढायच्या निमित्ताने खाली वाकून आईला फोन लावला.

"आई, दामारिसला बालवाडीतून उचल आणि हिपिहापाला मावशीकडे जा. आत्ता."

"आत्ता? गॅसवर केळी शिजतायत गं."

"गॅस बंद कर."

मग आईने विचारलं, "किती दिवसांचे कपडे घेऊ?"

"आहेत तेवढे सगळे."

आईने पुढे काही विचारलं नाही. तिनेही एक मुलगा या शहरात पुरला होता.

पाऊण तासाने ती बाई आली. निळी सुटकेस, खांद्यावर बाळाची पिशवी, कडेवर सातआठ महिन्यांचं बाळ. चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा.

"चांगली घट्ट गुंडाळा हं, ताई. तीन पदर घाला."

नार्सिसाने बॅग चकतीवर घेतली आणि तळहात टेकवला. कपडे, कपडे, आणि मधोमध ती सपाट, गार, कडेला गोलसर वस्तू. बाकावरून क्लेबरने हनुवटी उचलली. काय? नार्सिसाने मान हलवली. आहे.

"तुमचं नाव काय?" ओठ न हलवता तिने विचारलं.

"मारिउक्सी. का?"

"मारिउक्सी, हसत राहा. समोरच्या बाकावर लाल शर्टवाला आहे, त्याच्याकडे बघू नका. बॅगेत लॅपटॉप आहे. तो तिथे ठेवायचा नाही."

बाईचं हसू तोंडावरच गोठलं. "ऑफिसचा नियम आहे. गेल्या महिन्यात आमच्या दोघींना टॅक्सीत पिस्तूल लावून खांद्यावरच्या पिशव्या नेल्या. तेव्हापासून मॅडम म्हणतात, बॅगेत घाला, प्लास्टिक चढवा, म्हणजे कुणी..."

"या प्लास्टिकमधूनच चोरतात तो. बाळाचं डायपर बदला."

"ओलं नाहीये."

"बदला म्हणते ना! इथे माझ्या काउंटरमागे या. आणि मोठ्याने बोला."

मारिउक्सी काउंटरमागे आली. "अगंबाई, सगळी घाण केलीन!" ती ओरडली. आवाज चिरकला, पण त्याने ते जास्तच खरं वाटलं. बाळाला उताणं निजवताच त्यानेही मनापासून भोकाड पसरलं. बाकावर क्लेबरने नाक मुरडून तोंड कॉफीकडे फिरवलं. माणसं मारणारा गडी, पण घाण डायपर बघवत नाही. फ्रेदीही असाच होता.

नार्सिसाने सुटकेसची चेन अर्धी उघडली आणि लॅपटॉप ओढून काढला. पाठीवर पिवळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत एक शब्द आणि चार आकडे.

"हे काय?"

"पासवर्ड," मारिउक्सी पुटपुटली. "मी विसरते. बाळ झाल्यापासून काही लक्षातच राहत नाही."

"कुठली तारीख आहे ही?"

"याच्या जन्माची."

"ती कुठली आई विसरते?" नार्सिसाने कागद उपटून चुरगळला आणि तोंडात घातला. चिकट, कडवट लगदा गिळताना तिचे डोळे भरून आले. "हा घ्या. डायपरच्या खाली, पिशवीच्या तळाशी. तपासणीत बाहेर काढायला लावतील. ट्रे तेव्हाच सोडा जेव्हा चौकटीतून जायची तुमची पाळी येईल. मध्ये कुणी घुसून खिशात नाणी शोधत बसला, तर तुम्ही थांबा. ट्रे पुढे आणि तुम्ही मागे असं होऊ द्यायचं नाही. विमानात वर नाही ठेवायचा, पायांत धरायचा. झोपायचं नाही."

"बाळ बरोबर असताना कोण झोपतंय, ताई?"

पण आता बॅगेत मधोमध पोकळी झाली होती. सामानाच्या दालनातला माणूसही चाचपून बघतो. नार्सिसाने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या स्टुलाची बैठक वर्षापूर्वी तुटली होती. त्यावर तिने स्वतः एक फळी बसवली होती, गुळगुळीत, लॅपटॉपपेक्षा बोटभर लांब. त्या फळीवर ती रोज नऊ तास बसायची. तिने फळी उचलली, बाळाच्या दुपट्यात गुंडाळली आणि कपड्यांमध्ये सरकवली. चेन लावली, बटण दाबलं. तीन पदर.

मग नारिंगी पट्टी फाडून कडीला लावली.

"देव भलं करो तुमचं," मारिउक्सी म्हणाली.

"पाच डॉलर," नार्सिसा मोठ्याने म्हणाली.

पळून जावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण आपण पळालो तर माग काढत ते हिपिहापाला पोचतील, आणि इथे सापडलो तर जे व्हायचं ते इथेच होईल, एवढा हिशोब तिने उभ्या उभ्या केला. दुपारपर्यंत ती उभ्यानेच बॅगा गुंडाळत राहिली. दीड वाजता आईचा निरोप आला: बस सुटली, पोरगी झोपलीय.

तीन वाजता क्लेबर आला. "चल," तो म्हणाला. 'वहिनी' म्हणाला नाही.

विमानतळामागे टॅक्स्या उभ्या राहतात ते पटांगण. कडेला माशाच्या सूपची गाडी, तिच्याभोवती दहाबारा माणसं वाट्या हातात घेऊन. आपल्या मोटारीच्या डिकीतून क्लेबरने फळी काढली. दुपटं अजून तिला लटकत होतं. एका टोकाने त्याने नार्सिसाच्या तोंडात मारली. ती गुडघ्यावर पडली आणि एक दात धुळीत थुंकली.

"फळी! थोरल्यांसमोर मी दुपटं सोडलं, आणि फळी! ती बया तिकडे उतरून पोलिसांच्या गाडीत बसून गेली!" त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. "लेकरासकट जाळतील तुला, कळतंय का? पोरगी कुठेय?"

"माहीत नाही."

"कुठेय?"

"मार की. मेल्यावर विचार."

त्याने तिचे केस धरून मान वर केली. त्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि त्याच्या डोळ्यांत राग कमी, भीतीच जास्त होती. सूपवाल्याची पळी वाजायची थांबली होती. दहाबारा माणसं आपापल्या वाटीत बघत होती.

"थोरल्यांना तुझं डोकं हवं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी फ्रेदीची आण घातली. म्हटलं, भावाची बायको आहे. हातावर भागवलं. मला स्वतःला करायला सांगितलंय. फोटो पाठवायचाय." त्याने फळी जमिनीवर ठेवली. "ठेव."

नार्सिसाने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "कुठला?"

"ज्याला कळतं तो."

तिने उजवा हात फळीवर पालथा ठेवला. लाकूड गरम होतं. त्या क्षणीही तिला ते कळलं: फळी उन्हातल्या डिकीत होती, बराच वेळ. क्लेबरने जॅकचा लोखंडी दांडा उचलला.

पहिल्या फटक्याला ती ओरडली. दुसऱ्याला बोटांचा आवाज तिने स्वतः ऐकला, ओल्या काटक्या मोडाव्यात तसा. तिसऱ्यानंतरचं तिला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की फोटो काढताना क्लेबरचा फोन हातातून दोनदा पडला, आणि तो शिव्या देत रडत होता.

सूपवाल्याने तिला दवाखान्यात नेलं. तिचा दातही त्याने कागदी रुमालात जपून आणला होता.

सात आठवड्यांनी ती पुन्हा काउंटरवर उभी राहिली. मालकाने काही विचारलं नाही. नारिंगी पट्टीचं रीळ आता तिच्याजवळ नव्हतं. ते दुसऱ्या टोकाच्या काउंटरवर गेलं होतं, आणि तिथली मुलगी नार्सिसाची नजर चुकवत असे. दामारिस हिपिहापालाच होती. तिकडे ती आता मावशीला आई म्हणू लागली आहे, असं फोनवर नार्सिसाची आई सांगायची आणि लगेच विषय बदलायची.

उजवा हात पांढऱ्या पट्टीत होता. घाम आणि धूळ लागू नये म्हणून तिने त्यावर तेच पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं होतं, तीन पदर. फळी परत स्टुलावर होती. सूपवाल्याने आणून दिली होती, घासून स्वच्छ धुतलेली. तरी एका बाजूला डाग राहिलाच होता. नार्सिसा त्याच बाजूवर बसायची.

"ताई, ही जरा गुंडाळा," एक वयस्क गृहस्थ म्हणाले.

"लॅपटॉप आहे का आत?"

"आहे. म्हणून तर गुंडाळतोय."

तिने दुसऱ्या टोकाच्या काउंटरकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काढा, साहेब. मांडीवर घेऊन बसा."

"आता या वयात मांडीवर काय घेऊन बसू?" ते कुरकुरले. पण तिच्या हाताकडे लक्ष गेलं तशी त्यांनी चेन उघडली.

लॅपटॉप बाहेर आल्यावर नार्सिसाने बॅग चकतीवर घेतली आणि तिच्यावर डावा तळहात ठेवला. वरून खाली, मग आडवा.

"बूट आहेत का?" तिने विचारलं.

"नाही. पुस्तकं आहेत."

"पुस्तकं," ती म्हणाली. तिने डावा हात पुन्हा एकदा त्याच जागेवरून सावकाश फिरवला आणि मग बटण दाबलं.