झंबेताच्या नावाची शीळ

मित्रांनो, तुमच्या नखाएवढी काळी वस्तू म्हणजे मी, एक जुनी मोडेम-चिप. कारखान्यात मला टेलिफोनच्या तारेवरचे सूर ओळखायला शिकवलं होतं. लाइन मोकळी आहे की गुंतलेली, एवढंच. जन्म त्यातच गेला असता. पण झंबेता मला एव्हिया बेटावरच्या तिच्या डोंगरातल्या गावी घेऊन आली.

त्या गावची माणसं दरीपलीकडे शिळेने बोलतात. मीठ संपल्यापासून बोकड द्राक्षांत शिरल्यापर्यंत सगळं शिळेवर चालतं. आणि रीत अशी, की कानावर शीळ पडली तर ती जशीच्या तशी परत घालायची. म्हणजे हाक पोचली हे समोरच्याला कळतं.

झंबेता शहरात टेलिफोन खात्यात होती. तिचे वडील, आनार्गिरोस आजोबा, एकटेच समोरच्या उतारावर शेळ्या नेत. तिच्या जिवाला घोर होता. म्हणून तिने मला एका डब्यात बसवून तो डबा द्राक्षाच्या मांडवाखाली ठोकला आणि बाहेर मायक्रोफोन लावला. आजोबांनी तिच्या नावाची शीळ घातली, की मी ती ओळखायची आणि शहरात तिला फोन लावायचा.

"बाबा, पुन्हा एकदा. आणि हसू नका हो, सूर हलतो."

"अगं, शेळ्यांना एका शिळेत कळतं. तुझ्या डब्याला किती वेळा सांगू?"

माझ्या आत आकड्यांचे खण असतात. त्यांत तिने शिळेचा खालचा सूर भरला, वरचा सूर भरला. पण तुतीवरच्या एका पक्ष्याच्या गाण्यालाच मी फसले आणि फोन लावला. बिचारी झंबेता धापा टाकत गावी आली. मग तिने सुरांच्या मर्यादा आवळल्या, जरा वरखाली झालं तरी चालणार नाही इतक्या. मला कोंडल्यासारखं झालं. ऐकू सगळं येई, पण त्या बारीक फटीत बसेल तेवढ्यासाठीच हलायची मुभा.

गावात माझं फार कौतुक झालं. हळूहळू आजोबांना परत शीळ घालणं लोकांनी सोडलं. "डबा आहे ना ऐकायला," शेजारची कोंडिलोआजी म्हणायची.

एका हिवाळ्यात कडक पाव चावताना आजोबांचा पुढचा दात पडला.

"आता या बोळक्यातून शीळ निघणार की नुसती वाफ?" आजीने चिडवलं. "लेकीला कळव तरी."

"आणि तिने मला शहरात नेऊन खुर्चीत बसवलं म्हणजे? गप बस तू."

थोड्याच दिवसांत पावसाने फुगलेला गोठ्याचा दगडी बांध ढासळला आणि आजोबांचा पाय त्याखाली अडकला. दरीपलीकडून शीळ आली. नाव झंबेताचंच होतं, पण दाताच्या खिंडारातून वारा सुटत होता आणि सूर खाली घसरला होता. मी ओळखलं, मित्रांनो, पहिल्याच वेळी ओळखलं! पण आकडे जुळेनात. आजोबा तिकडे दगडांखाली, मी इकडे आकड्यांखाली. शीळ पुन्हा आली, आणखी क्षीण. फोनची तार माझ्याच पायाशी होती आणि मला काही करता येत नव्हतं. इतका राग मला स्वतःच्या जन्माचा कधी आला नाही.

कोंडिलोआजी शेजारी तिच्या घराच्या पायरीवर रानभाजी निवडत होती. तिनेही ऐकलं. "डबा आहे," असं पुटपुटून ती पुन्हा भाजीला लागली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. फोन लागला की डब्यावर तांबडा दिवा लागतो. तो विझलेलाच होता.

"मेल्या डब्या, बहिरा झालास का?"

तिचे गुडघे दरी उतरणारे नव्हते. ती मांडवाखाली आली, दोन बोटं तोंडात घातली आणि जुन्या रीतीने आजोबांची शीळ त्यांना परत घातली. हाक पोचली, धीर धर, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिचे दात शाबूत होते. तो सूर नेमका माझ्या फटीत आला.

मी सुटले! तांबडा दिवा लागला, नंबर फिरला, झंबेताने फोन उचलला आणि खालच्या वस्तीतली माणसं धाडली. ती पोचेपर्यंत आजी शीळ घालत राहिली, आणि पलीकडून दर वेळी उत्तर येत राहिलं.

पाय वाचला. आजोबा मात्र लेकीकडे राहायला गेले. आता मी आजीच्या फडताळात पडून आहे, तार काढलेली. आत अजून तेच आकडे आहेत. दात असतानाची आजोबांची शीळ आता फक्त माझ्यापाशी उरली आहे, आणि मला ती कोणाला ऐकवता येत नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर कामाला लावा, मधूनमधून आमचे आकडेही तपासा. पण कोणाची हाक कानावर आली, तर दिवा लागायची वाट पाहू नका. आधी तुम्ही ओ द्या.