सातवा प्रोग्रॅम

"हे शून्य कुठून आलं?" विभागप्रमुखांनी कोपऱ्यात उभ्या विद्यार्थिनीचं जर्नल टेबलावर आपटलं. "वर्गातल्या एकशेअठरा जणांचं उत्तर सत्त्याण्णव आणि या बाईंचं शून्य!"

"सर, तिने आकडे वेगळे घातलेत," मॅडम म्हणाल्या.

"का घातले? मॉडेल जर्नलमध्ये दिलेत ना?"

सातवा प्रोग्रॅम होता दहा संख्यांतली सर्वांत मोठी शोधण्याचा. प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, तो आणि त्याचं उत्तर हाताने लिहायचं अशी कॉलेजची रीत. त्यासाठी कॉम्प्युटर चालू करायची गरजच नसे. नमुन्याचं मॉडेल जर्नल मधोमध ठेवलं की पोरं गप्पा मारत मारत उतरवून काढायची. या पोरीने मात्र तो खरोखर चालवला होता, आणि तोही सगळ्या उणे संख्या घालून. वर्गात तिला 'पणमॅडम' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं.

"पण मॅडम," ती कोपऱ्यातून म्हणाली, "यात सुरुवातीलाच सगळ्यात मोठी संख्या शून्य धरलीय. सगळ्या संख्या शून्याच्या खाली असल्या तर उत्तर शून्यच येतं. मी तर शून्य दिलेलंच नव्हतं! खाली दुरुस्त करून लिहिलंय, बघा ना. यादीतली पहिली संख्याच मोठी धरायची."

"परवा तपासणी समिती येतेय," सर तिच्याकडे न बघता मॅडमना म्हणाले. "सगळी जर्नलं एकसारखी हवीत. हिला ते पान फाडून पुन्हा लिहू दे, मगच सही करा. सही नाही, तर उद्या कंपनीच्या मुलाखतीला बसणं नाही." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "आणि तुमचं नेमणुकीचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय, मॅडम. म्हटलं, आठवण करावी."

मॅडमनी मॉडेल जर्नल पुढे ओढलं. अक्षर त्यांचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, "तात्पुरतं काहीतरी लिहून द्या" असं सरांनी सांगितलं होतं आणि त्यांनी दोन दिवसांत लिहून दिलं होतं. सगळं तात्पुरतंच तर होतं. परीक्षेत पहिल्या आल्या, कंपनीने उचललं, सहा महिने काम न देता नुसतं बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. "तोवर शिकव कुठेतरी," आई म्हणाली होती. तोवर तोवर म्हणता नऊ वर्षं गेली, दरवर्षी नवं पत्र आणि तीच अकरा महिन्यांची नेमणूक. बरोबरीची एकजण परदेशात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत होती. एकजण विमा विकत होता आणि मजेत असल्याचं न विचारता सांगायचा. आणि आपण काय केलं? हजारभर पोरांना एक चूक सुवाच्य अक्षरात शिकवली. मॅडमना सरांचा राग आला होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला.

"मॅडम, एखादं कोरं पान मिळेल?" पोरगी हळूच म्हणाली. "मी लिहिते सत्त्याण्णव."

"चूक आहे हे माहीत असून?"

"मला उद्या बसायचंय, मॅडम. दादाने स्वतःचं कॉलेज सोडून मला इथे घातलंय. घरी काय सांगू, शून्यासाठी भांडले म्हणून?"

हे ऐकून मॅडमना गलबलून आलं. पोरगी खऱ्यावरून हटायलाही आपल्याकडूनच शिकत होती. त्यांनी टेबलावरचं तिचं जर्नल घेतलं, त्याच पानाखाली सही केली आणि तारीख घातली.

"पान फाडायचं नाही. उद्या मुलाखतीत काही विचारलं तर हेच दाखव."

"पण मॅडम, तुमचं पत्र..."

"ते माझं मी बघेन. तू घरी जा आणि उद्याच्या कपड्यांना इस्त्री कर."

पुढचा तास दुसऱ्या तुकडीवर होता. मॅडमनी हजेरीसुद्धा घेतली नाही.

"जर्नल उघडा. सातवा प्रोग्रॅम चुकीचा आहे. मीच चुकवलाय."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

"नाही."

"म्हणजे उतरवून घ्यायचं नाही ना?"

पटापट पेनांची टोपणं बसली. कुणी मोबाइल काढला, कुणी उद्याच्या कंपनीत पगार किती देतात यावर शेजाऱ्याशी बोलू लागलं. मॅडमचा चेहरा तापला. खडू आपटून चालू पडावं असं त्यांना फार वाटलं. तरी त्या फळ्याकडे वळल्या आणि पहिल्या ओळीपासून सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहू लागल्या, एकेक ओळ मोठ्याने समजावत.

निम्मा फळा भरला तेव्हा मागची कुजबुज एकदम थांबली. पोरांना अचानक गोडी लागली असेल, अशी काही त्यांची समजूत झाली नाही. दारात सर येऊन उभे राहिलेत हे त्यांना पाठमोऱ्याही कळलं.

"आता नीट बघा," त्या म्हणाल्या आणि मागे न वळता त्यांनी पुढची ओळ लिहायला घेतली.