एकेचाळीस बदल

मी शाळेचा जुना संगणक बोलतोय, आणि हौसेने बोलत नाही. सुनिता मॅडमनी आठवीला ब्लॉगवर आत्मवृत्त लिहायला दिलंय, म्हणून पोरं या अडगळीच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसलीत. म्हणे, बोला आजोबा. इतके दिवस कुणी धूळ पुसली नाही, आणि आता आजोबा. बरं, लिहा. मध्ये बोलू नका.

लोणखेड्याच्या पुढच्या या शाळेत आलो, तेव्हा आधी माझी पूजा झाली. मग बिघडू नये म्हणून मला झाकून ठेवलं. वापरायची वस्तू न वापरता जपायची, ही माणसाची रीत मला अजून कळलेली नाही. आठ वर्षं दसऱ्याला हळदकुंकू खाल्लं, बाकी दिवस कापडाखाली घुसमटलो.

माझं शिक्षण बेताचं. अक्षरं ओळखतो, अर्थ कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुनिता मॅडम आल्या आणि ते कापड निघालं. त्यांनी वर्गाचा ब्लॉग काढला. पोरांनी माझ्यात टाइप करायचं, मॅडमनी ते इंटरनेटवर चढवायचं, आणि ज्याला वाटेल त्याने वाचायचं. नियम एकच. खाली 'छान' लिहायचं नाही, प्रश्न विचारायचा.

आठवीतल्या रुपाने आपल्या आजीवर, कौसाबाईवर, चार ओळी लिहिल्या. आजी प्रेमळ आहे, आजी कष्टाळू आहे, असलं काहीतरी. खाली दीपमालाने विचारलं, "तुझी आजी बोलत नाही का?"

रुपा दोन दिवस दीपमालाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसली आणि आजी बोलते तसं, अहिराणीत, लिहू लागली. आजीचं बोलणं अहिराणीत, मधलं स्वतःचं शाळेच्या मराठीत. एका बोटाने टाइप करायची, पण बोट थांबत नव्हतं.

कौसाबाई राजी नव्हती. आपल्या बोलीला शाळेत हसतील, असं तिचं म्हणणं. कुणी हसणार नाही, असा रुपाने शब्द दिला तेव्हा कुठे ती मानली. शनिवारी पालकांसमोर वाचायचं ठरलं. तालुक्याहून साहेब येणार होते. त्यांना पटलं तर ब्लॉग राहणार, नाहीतर बंद.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक नवनीत सर माझ्यासमोर बसले. वाचलं. कपाळ पुसलं. साहेबांपुढे हे 'शे, शे' ऐकवलं तर शाळेची काय शोभा राहील, असं पुटपुटले. स्वतः घरच्यांशी फोनवर अहिराणीच बोलतात, मी ऐकलंय. मग मला हुकूम केला: जिथे जिथे 'शे' आहे, तिथे तिथे 'आहे' घाल.

मी घातलं. 'नाव कौसाबाई शे' यातला 'शे' आणि 'शेत' यातला 'शे', मला दोन्ही एकच. एकेचाळीस बदल झाले, असं मी पडद्यावर सांगितलंही. सरांनी ते धड वाचलं नाही. मला बंद केलं आणि मोटारसायकलला किक मारली.

शनिवारी वर्ग भरला. साहेब पुढे, कौसाबाई दाराजवळच्या बाकावर, अंग चोरून. रुपा माझ्या पडद्यावरून वाचू लागली.

"आजीच्या आहेतात आहेवग्याचं झाड आहे. आहेजारीण आहेंगा..."

ती थांबली. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच आलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग. कौसाबाईने पदर तोंडाशी धरला. रुपाचे कान लाल झाले. मी आपला तेच दाखवत राहिलो, दुसरं मला येतं काय?

"मशीन जुनं आहे साहेब," नवनीत सर म्हणाले. "मजकूर आपोआप बदलतं."

आपोआप. मी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कौसाबाई उठली. मला वाटलं, गेली ही. पण ती माझ्यापाशी आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"यान्हा काय गुन्हा शे? जे सांगं ते यानी करं." मग नातीला म्हणाली, "तू वाचू नको, बेटा. सांग."

रुपाने माझ्याकडे पाठ केली आणि आजीचे शब्द तोंडपाठ सांगितले. "मन्हं नाव कौसाबाई शे. शाळा मी भाईरथीनच देखेल शे."

"आज मझार देखी," कौसाबाई शेजारून म्हणाली. आज आतून पाहिली.

कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, "मग पुढे?" तिथेच ब्लॉग बंद होण्यापासून वाचला.

सोमवारी सरांनी रुपाला बोलावून खाली बघत सांगितलं, "ते मी करेल व्हतं, बेटा." तेवढं मीही मान्य करतो. रुपाचं लिहिणं आता ब्लॉगवर आहे, तिने लिहिलं होतं तसं, आणि खाली प्रश्नच प्रश्न. मॅडम हल्ली फोनवरूनच चढवतात, म्हणून मी इथे अडगळीत.

माझं नाव मात्र भंगाराच्या यादीत लागलंय. पुढे सरांच्या सहीने शेरा आहे: 'मजकूर आपोआप बदलतो.' या शेऱ्यालाही त्यांचा तो हुकूम लावला तर 'आहेरा' होईल. असला आहेर मला नको. वय झालं, भंगारात जातो, त्याचं काही नाही. पण ही ओळ खोडल्याशिवाय मला टेम्पोत टाकू नका.

पोरांनो, हे चढवा, एक अक्षर न बदलता. खाली कुणी विचारेलच, शेरा कुणी लिहिला, माफी कुणी मागायची राहिली. तेव्हा नाव नीट लिहा.

नवनीत सर.