तक्रारवहीतलं उत्तर

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीवर रोज धुतलेला टॉवेल असतो. दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी वस्तीच्या गल्लीत एक सांड आडवा बसला आहे. घाटावर भिक्षुकी करणाऱ्या यज्ञेश्वरांच्या पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली आहे.

डॉक्टर आपटे चैत्रात वारले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. कंपाउंडर मिश्रा जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला.

यज्ञेश्वरांची बायको शरदिनी तक्रार घेऊन गेली. "इनकी दवा अब तय कौन करता है?"

"रजिस्टर में लिख दीजिए, चाची. डॉक्टर साहब पढ़ते हैं."

"कौनसे डॉक्टर?"

"अपने ही."

तिने रागाने मराठीतच लिहिलं, 'नवा डॉक्टर नेमा. यांची सूज वाढते आहे.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली आपट्यांच्या तिरक्या अक्षरात मराठी ओळ होती. 'वहिनी, प्रेशरची गोळी थांबवा. आजच मोठ्या इस्पितळात न्या.'

मिश्राला मराठी वाचता येत नाही. त्याने मान वाकवून विचारलं, "क्या लिखा है, चाची?"

शरदिनीने वही मिटली आणि रिक्षा बोलावली. घरी येऊन तिने नवऱ्याला आत बसवलं.

"कोणी सांगितलं न्यायला?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"डॉक्टरांनी."

आपट्यांच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. यज्ञेश्वरांनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता.