फुली शोधणाऱ्या आत्याचा सत्कार

आयुष्यभर पायाने शिलाई मशीन चालवून माझ्या आत्याचे गुडघे कामातून गेले. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांनी तिच्यावर सोडलं आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. आत्या मनातून पार घाबरली होती. नंतर मशीनवर बसताच आलं नाही तर काय, या काळजीने तिला घास जात नव्हता. अशात बातम्यांच्या एका वेबसाइटवर लेख दिसला : ‘गुडघ्याचं ऑपरेशन करावं की टाळावं?’

आत्याने तो मोबाइलवर उघडला आणि तिथेच फसली. आधी म्हणे कुकीज स्वीकारा. मग नोटिफिकेशन हवीत का. मग मोबाइल नंबर टाका. मग आमचं ॲप घ्या. या सगळ्यांना हाकलून पहिली ओळ गाठावी, तर कोपऱ्यातून व्हिडिओतली एक बाई बडबडत वर यायची. तिला घालवायची फुली मोहरीएवढी आणि आत्याचं बोट सुईने राठ झालेलं. फुलीऐवजी जाहिरात दाबली जायची आणि आत्या थेट गाद्यांच्या दुकानात. परत यावं तर लेख पुन्हा पहिल्यापासून. अक्षरं इतकी फिकी, की छापताना शाई संपली असावी. ती मोठी करायला गेलं की पान ढिम्म हलत नसे. वाचायला लागलं की मात्र ओळ सर्रकन खाली पळायची.

“अगं, हा लेख आहे की लपंडाव?” आत्या कावली. मी दुसरीकडे शोधून देते म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. “काही नको. याला मी पुरून उरते!” मग दिवसभर तोंडाने शिव्या आणि बोटाने फुल्या.

गुरुवारी त्या वेबसाइटच्या ऑफिसातून फोन आला, उद्या सत्काराला या म्हणून. जो पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतो तो सगळ्यात निष्ठावान वाचक, असा त्यांचा हिशेब. आत्याने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. पुष्पगुच्छ झाला, फोटो झाले. साहेब हसून म्हणाले, “काकू, आमच्या लेखात असं काय आहे, की तुम्ही खिळून राहिलात?”

“ते तुम्हीच सांगा. शेवटी ऑपरेशन करा म्हटलंय की नको?”

साहेबांनी संपादकांकडे पाहिलं, संपादकांनी डिझायनरकडे. लेख कुणीच वाचला नव्हता. डिझायनरने तर ते पान दाराएवढ्या स्क्रीनवर बनवलेलं. मोबाइलवर उघडायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. “आत्ता सांगतो,” म्हणत सगळ्यांनी मोबाइल काढले. खोलीभर ती व्हिडिओतली बाई बोलू लागली. डिझायनर घामाघूम होऊन स्वतःचीच फुली शोधत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला गार वाटलं.

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर त्या लेखाच्या वाचकांचा आकडा चढला. “बघा, लोक कसे तुटून पडलेत या लेखावर!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

“चल गं,” आत्या मला म्हणाली. “इथे बसून माझे गुडघे सुधारायचे नाहीत.”

आम्ही तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कागदावर गुडघा काढला, काय कापणार, काय बसवणार ते सांगितलं. मशीन काही महिन्यांनी चालवता येईल म्हणाले. आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“करा मग,” ती म्हणाली. “हे तुम्हाला आधीच विचारणार होते हो. पण बाहेर केवढी रांग! म्हटलं, उगाच तुमचा वेळ कशाला घ्या.”