ध्रुवकाच्या तोंडावर कुंकू

सगळं सांगतो, पण आधी बोट मागे घ्या. मी ध्रुवक, इंग्रजीत पोलरायझर. नाव भारदस्त, अंगाने बिस्किटाएवढी चकती. तोंडावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धातूच्या रेघा. एका दिशेने थरथरणारा प्रकाश तेवढा मी आत सोडतो, बाकीच्याला दारातूनच वाटेला लावतो.

माझी मालकीण श्रीगोंद्याची धनश्री. तिचा जीव अडकलाय धुळीच्या ढगात गुरफटलेल्या तान्ह्या ताऱ्यांत. साध्या दुर्बिणीला ते दिसत नाहीत. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र धुळीवर आपटत ढगातून वाट काढतो. एका ढगात तारा जन्मलाय, असं तिचं म्हणणं. तिचे सर म्हणत, "पुरावा आण." दुर्बिणीवर तिची पाळी दसऱ्यानंतर होती, आणि वर्षातून एकदाच.

मला फिरवणारं कडं तिच्या भावाने, अंगदने, सुप्याच्या वर्कशॉपमध्ये घडवलं. त्यात बसवायला तिने मला तिथे नेलं, तो नेमका खंडेनवमीचा दिवस. लेथ, ड्रिल, पाने, सगळ्यांना हळदकुंकू वाहत त्यांची आई भीमाबाई माझ्यापर्यंत आली आणि कुणी काही म्हणायच्या आत कुंकवाची चिमूट माझ्या तोंडावर!

"आई!" धनश्री किंचाळली.

"का गं? एवढ्या मोठ्या लेथला चालतं, ह्याला न्हाई व्हय?"

अंगद रुमाल घेऊन धावला. धनश्रीने त्याच्या हातावर चापट मारली. "पुसलंस तर रेघा जातील, दादा. माझं अख्खं वर्ष जाईल."

तिचे डोळे भरले होते. रबरी फुगा दाबून ती हळूहळू फुंकर घालत राहिली, शेवटचा कण उडेपर्यंत. भीमाबाईने कुंकवाचा करंडा पदराखाली झाकला. मला तिचा राग नाही आला. इतक्या थाटात माझा मान आजवर कुणी केला नव्हता.

दुर्बिणीवर मी इमानाने फिरलो. सध्या दिवाळीसाठी श्रीगोंद्यात आहे, डबीत. आज धनश्रीने आईला मोबाईलवर नकाशा दाखवला. प्रकाश कुठे कुठल्या दिशेने थरथरतो ते दाखवणाऱ्या ढगभर छोट्या रेघा, सगळ्या एका काळ्या जागेभोवती गोल धरून.

"उजेड धुळीवर आपटून आला, की असा गोल धरतो. मधोमध तारा आहे, आई. सरांनी मानलं."

"मला तर काय दिसंना."

"तान्हा आहे ना. झाकून ठेवलाय."

भीमाबाईने चष्मा सारखा केला. त्या काळ्या जागेवरून दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मंडळी, त्या बाळाला बघायला आपल्यापैकी कुणी जाणार नाही. पण आता काळजी नको, त्याची दृष्ट निघालीय. येतो मी.