तिसरा घाव

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. या काचेच्या पेटीत मला पाहून तुम्हाला वाटत असेल, याने काहीतरी मोठा पराक्रम केला असणार. तसं काही नाही. मी इथे का आहे, ते ऐका.

माझं डोकं लोखंडाचं आणि दांडा हिकरीच्या चिवट लाकडाचा. तंबूच्या मेखा ठोकणं हे माझं काम. रॉइस नावाच्या माणसाला मी त्याच्या वडिलांकडून मिळालो. दर उन्हाळ्यात तो आपल्या मुलीला, कोराला घेऊन टेक्सासमधल्या या नदीकाठच्या उद्यानात मुक्कामाला येई. पेकानच्या झाडाखाली तंबू उभा राही, बिडाच्या तव्यात मक्याचा पाव फुगे. "या हातोड्याने ठोकलेली मेख वादळातही उपटत नाही," असं रॉइस शेजारच्या तंबूत सांगे आणि मी फुशारून जाई.

इथल्या नदीच्या खडकात डायनासोरची तीन बोटांची पावलं आहेत. कोरा दरवर्षी त्यांतल्या एका पावलात आपलं पाऊल ठेवून बघे आणि ओरडे, "डॅडी, अजून माझं पाऊल त्याच्या एका बोटाएवढंसुद्धा नाही!"

ती नऊ वर्षांची असताना नदी पार आटली. चिखलाखालून एक नवंच पाऊल उघडं पडलं, अगदी नखांच्या खुणांसकट. रॉइसने त्यात प्लास्टर ओतलं.

"याचा ठसा तुझ्या खोलीत लावू."

"पण काठावरच्या पाटीवर 'पावलांना हात लावू नका' म्हटलंय ना?"

"पाट्या दंगेखोरांसाठी असतात गं."

प्लास्टर वाळलं आणि खडकाला घट्ट धरून बसलं. रॉइसने त्याच्या कडेखाली एक मेख घातली आणि मला उचललं. पहिल्या घावाने काही झालं नाही. दुसऱ्याने ठसा जरा हलला. तिसऱ्या घावाला टक् आवाज झाला आणि प्लास्टरबरोबर मधल्या बोटाचा दगडच निघून आला. कोट्यवधी वर्षं टिकलेलं ते बोट माझ्या एका फटक्याने गेलं.

"डॅडी, तुटलं."

"बोलू नकोस कुठे."

ओटिली मॅडम या इथल्या रेंजर. रोज सकाळी त्या स्वतः झाडूने पावलांतला गाळ काढत. दुसऱ्या दिवशी ते तुटलेलं पाऊल पाहून त्या थेट शेजारच्या तंबूकडे गेल्या. तिथे डॅरिल आणि वेस्ली हे दोघे भाऊ होते.

"काल दिवसभर खडकावर गोटे कोण आपटत होतं?"

"आम्ही पाण्यात मारत होतो, मॅडम!"

"नदीत पाणी आहे कुठे?"

मॅडमच्या हुकमाने त्यांचा तंबू त्याच सकाळी उतरला. धाकटा वेस्ली हुंदके देत म्हणत राहिला, "आम्ही नाही केलं." रॉइस तव्यातलं मांस परतत होता. ते करपलं तरी त्याने मान वर केली नाही. कोरा त्याच्याकडे बघत होती. माझ्या डोक्यावर पांढरं प्लास्टर लागलेलं होतं आणि मी तिथेच गवतात पडलो होतो. कोणीही वाकून पाहिलं असतं, तर कळलं असतं. मला तोंड नव्हतं. रॉइसला होतं.

त्यानंतर ते कधी मुक्कामाला आले नाहीत. एकवीस वर्षं मी गॅरेजमधल्या पत्र्याच्या पेटीत होतो. माझ्या शेजारी फडक्यात गुंडाळलेलं ते दगडी बोट होतं.

मग एकदा कोरा आपल्या लेकीसाठी तंबू शोधायला आली. तिने पेटी उघडली.

"डॅडी, हातोड्यावरचं प्लास्टर अजून धुतलं नाहीत?"

"धुऊन गेलं नसतं, कोरा."

"मग चला. आपण दोघं आणि हा हातोडा, तिघं जाऊ."

ओटिली मॅडमचे केस पांढरे झाले होते. रॉइसने मला आणि त्या बोटाला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद काढून रॉइसपुढे सरकवला.

"त्या पोरांना मी हाकललं होतं, रॉइस. विचारलंसुद्धा नीट नाही. त्यांना पत्र तुम्ही लिहायचं. खाली सही मीही करणार."

मित्रांनो, तेव्हापासून मी या पेटीत आहे. माझ्याखालची चिठ्ठी रॉइसच्या हातची आहे: 'हा हातोडा माझा. हातही माझाच. वेस्ली आणि डॅरिल निर्दोष होते.'

गेल्या उन्हाळ्यात एक उंच माणूस आपल्या मुलांना घेऊन इथे आला. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग मुलांना जवळ ओढून तो म्हणाला, "बघा, मी सांगत होतो ना? आम्ही नाही केलं."

तुम्ही आता नदीवर जाल. पावलांत ओंजळभर पाणी ओता, म्हणजे ती छान उठून दिसतील. आपलं पाऊल ठेवून बघा. पण तिथून काही उचलू नका. आणि चुकून हातून काही तुटलंच, तर त्याच दिवशी सांगा. आमच्यासारखी एकवीस वर्षं थांबू नका.